दुपारी लाल होणारं कुंड

बाटली उघडण्याआधीच मी रामधनीवर ओरडलो, "कल हमने लाल पानी रखा था. ये हरा कहाँ से आया?"

रामधनी आमच्या प्रयोगशाळेचा जुना अटेंडंट. माझ्यासारखे तापट डेमॉन्स्ट्रेटर त्यानं बरेच पाहिले होते. "बाबूजी, अलमारी की चाबी तो आपके पास है," तो म्हणाला. चावी खरंच माझ्याच कोटात होती.

ते दिवस इंग्रजी राज्याचे. काशीत एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला मी नुकताच लागलो होतो आणि माझा विषय होता पाण्यातलं शेवाळ. आमच्या मराठी वस्तीत, ब्रह्मा घाटावर, याला कोणी विषय समजत नसे. शेजारचे नाना तर विचारायचे, "गजू, ते खरवडायचं असतं, त्याचा अभ्यास काय करतोस?"

त्या आठवड्यात शहरातल्या एका कुंडाचं पाणी लाल झालं आणि मासे मरून वर आले. काठावर छेदी रंगरेजाची कापड रंगवायची भट्टी होती. लोकांनी अर्ज केला की यानंच रंग ओतला. म्युनिसिपालिटीनं भट्टीला टाळं ठोकलं आणि कॉलेजला विचारलं, हा रंगच आहे का? उत्तर तीन दिवसांत हवं होतं. 'होय' आलं तर छेदीचं लायसन कायमचं जाणार होतं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी तो कागद माझ्याकडे सरकवला. मी भर दुपारी, दोन तासिकांच्या मधे, जाऊन बाटली भरून आणली. पाणी कुंकवासारखं लाल होतं. प्रॅक्टिकल असल्यामुळे बाटली कपाटात ठेवली, ती सकाळी हिरवी निघाली.

एक थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला. हिरवे, लांबट जीव वळवळत पोहत होते. एकेका पेशीच्या मधोमध लाल कणांचा पुंजका. म्हणजे पाण्यात रंग विरघळलेला नव्हता, ते पाणी जिवंत होतं. पण मग काल ते लाल का होतं? बाटली खिडकीतल्या उन्हात ठेवून मी वर्गावर गेलो. परत आलो तर पाणी लाल! पुन्हा थेंब पाहिला. मधला पुंजका फुटून लाल कण पेशीभर पसरले होते. कडक उन्हात हे शेवाळ लाल कणांचं जणू पांघरूण घेतं आणि सावलीत ते आवरून ठेवतं. मला इतका आनंद झाला की मी रामधनीची माफी मागितली.

मग एकदम नाना आठवले. त्यांचं पहाटेच्या पूजेचं काम त्याच कुंडावरच्या देवळात होतं. आदल्या संध्याकाळी ते म्हणाले होते, "लाल कुठे रे? मी रोज सबेरे बघतो, एकदम हिरवं असतं." मी हसून म्हटलं होतं, "नाना, मोतीबिंदू दाखवा कोणाला तरी." दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुकाट्यानं त्यांच्याबरोबर गेलो. पाणी हिरवंगार होतं. नानांनी ओंजळभर पाणी उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरलं.

प्रिन्सिपॉलना मात्र पटेना.

"पाणी लाल आहे हे म्युनिसिपालिटीच्या चेअरमननी स्वतः पाहिलंय. तुमच्या खिडकीतल्या बाटलीवर ते विश्वास ठेवतील?"

"त्यांना कुंडावर बोलवा, सर. दुपारी. आणि छत्री आणायला सांगा."

मंडळी आली. मी चेअरमनसाहेबांची काळी छत्री मागून घेतली आणि पायरीवर बसून पाण्यावर साचलेल्या लाल साईवर धरली. सगळे उन्हात घामाघूम होऊन माझ्याकडे वेड्यासारखं बघत होते. हात भरून आला. बऱ्याच वेळानं छत्री उचलली. लाल पाण्यात एक गोल हिरवा तुकडा उमटला होता. चेअरमननी वाकून पाहिलं, मग छत्री उलटी करून पाहिली. म्हणाले, "छेदीचा रंग छत्री धरली की हिरवा होतो, असं तर म्हणता येत नाही."

"मासे कशानं मेले?" प्रिन्सिपॉलनी विचारलं.

"माहीत नाही, सर." रिपोर्टातही तेच लिहिलं. त्या एका प्रश्नावर माझी पुढची सगळी नोकरी खर्ची पडली.

टाळं निघालं त्या दिवशी मी ऐटीत छेदीला सगळं समजावून सांगायला गेलो. त्यानं ऐकून घेतलं.

"बाबूजी, रंग नाहीं है, ये तो हम पहिले ही दिन जान गए थे. गमछा डुबाया, पानी से धोया, साफ निकल गया. ऐसा रंग हम बेचेंगे?"

"तो बताया क्यों नहीं?"

"पूछा किसने?"

पाण्याबद्दल कॉलेजला विचारावं हे म्युनिसिपालिटीला सुचलं होतं. रंगाबद्दल रंगरेजाला विचारावं हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही. कुंडावर जाता-येता मी रोज त्याच्या बंद दारावरून जात होतो, आणि तो तिथंच पायरीवर बसलेला असायचा.