बहुतेक खंड्या, पण खात्री नाही

निवृत्त झाल्यापासून बाबा रोज सकाळी कोलशेतच्या खाडीवर जातात, पक्ष्यांचे आवाज फोनवर टिपतात आणि प्रत्येक फाइलला ऐसपैस नाव देतात. ‘बहुतेक खंड्या, पण खात्री नाही’. ‘शेकाट्या, मागे कंपनीचा भोंगा’. त्या दिवशी संध्याकाळी नौपाड्यातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर ते हे आवाज ऐकवणार होते. आयुष्यात पहिल्यांदाच लोकांपुढे बोलायचं, म्हणून सकाळपासून त्यांनी चहालाही हात लावला नव्हता.

फोनमधलं सगळं मी माझ्या लॅपटॉपवर घेतलं होतं, पण आवाज फॉरवर्डच्या ढिगाऱ्यात विखुरलेले. माऊसने एकेक वेचता आले असते. पण मी पडले सॉफ्टवेअरवाली, मला शायनिंग मारायची होती. कमांड टाइप करायच्या काळ्या पडद्यावर एकच ओळ लिहिली: पहिला प्रोग्रॅम आवाजांच्या फाइली शोधणार, त्यांची नावं ‘पाइप’मधून, म्हणजे परस्पर, दुसऱ्याला देणार आणि दुसरा त्या एका फोल्डरमध्ये उतरवणार. एंटर दाबलं आणि पडदाभर इंग्रजीत तक्रारी. ‘बहुतेक’ नावाची फाइल नाही. ‘खंड्या,’ नावाची फाइल नाही. ‘खात्री’ नावाची फाइल नाही.

बाबा मागे उभे राहून वाचत होते. “अगं, खात्री नाही हे मीच लिहिलंय. त्यालाही नाही का?”

“तसं नाही हो. शब्दांत मोकळी जागा दिसली की हा नाव तिथेच तोडतो. मी सगळी नावं बदलून टाकते. खंड्या१, खंड्या२.”

“मुळीच नाही. त्या त्या सकाळी जे वाटलं तेच लिहिलंय मी.”

हट्टीपणात मी त्यांचीच मुलगी. चरफडत उपाय शोधला. पहिल्या प्रोग्रॅमने प्रत्येक नावानंतर अशी खूण टाकायची, जी कुठल्याच नावात येऊ शकत नाही. दुसऱ्याने फक्त त्या खुणेवर तोडायचं. घाईत मी एकालाच सांगितलं आणि पुन्हा बोलणी खाल्ली. मग दोघांनाही सांगितलं. एंटर. पडदा गप्प.

“काहीच आलं नाही,” बाबा घाबरले. “बिघडलं का?”

“काही आलं नाही म्हणजे झालं, बाबा. हा चुकलं तरच बोलतो.”

फोल्डर उघडून दाखवलं. सगळी नावं धडधाकट होती. तेव्हा कुठे त्यांनी चहा घेतला.

संध्याकाळी बाबांनी माइकवर पहिलं नाव अख्खं वाचलं. लोक हसले. मग खंड्या ओरडला आणि थांबला. टाळी नाही, हूं की चूं नाही. बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे बघितलं, तर सगळी मंडळी डोळे मिटून बसलेली, पुढच्या आवाजाची वाट बघत. मी बाबांना लोकांकडे बघायची खूण केली. बाबांनीही मग मान वर करून नीट पाहिलं.

“काही आलं नाही म्हणजे झालं,” ते माइकवरच पुटपुटले आणि त्यांनी शेकाट्या लावला.