कॅन घेऊन भरिताला

धुळ्यात आम्ही दोघं नवरा-बायको एकाच मापाचे. रिक्षावाला आम्हाला बघून तिसरी सवारी शोधतच नसे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण नव्वद सालच्या आसपासच्या एका हिवाळ्यात माझा चेहरा फारच गोल झाला, रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, ताण आला की शरीरात एक संप्रेरक सुटतं; मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असली तर ते उगाचच जास्त सुटतं आणि माणूस फुगतो. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवून आणा. गाठ निघाली तर मुंबईला ऑपरेशन. मुलगी दुसरीत होती.

आमचे हे लगेच म्हणाले, "डॉक्टर, माझीही तपासा. मी काय काडी आहे?" मला एकटीला लाज वाटू नये म्हणून, दुसरं काय!

नेमकं त्याच रविवारी पिंपळनेरच्या रस्त्याला नणंदेच्या शेतात भरीत. आमच्या खानदेशात भरिताचं आवतण मोडलं की वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. निघालो दोघं पिशव्या घेऊन. एसटीत शेजारच्या आजीने विचारलं, "कॅनमा काय शे माय? तूप शे का?" मी पिशवी गपकन पायाखाली सरकवली.

शेतात मी दर वेळी पिशवी उचलून आडोशाला जायची आणि बाया फिदीफिदी हसायच्या. हसा मेल्यांनो! हे मात्र गप्पांच्या नादात, सवयीने, चारदा तुरीआड जाऊन आले. कॅन खाटेखाली तसाच. घरी आल्यावर यांनी कपाळाला हात लावला. "डॉक्टरांना सांगू नकोस हं."

रिपोर्ट आले. माझा आकडा जास्त, यांचा अगदीच कमी. डॉक्टर चकित. "तुम्हाला कसलाच ताण नाही?"

"साहेब, यांचा ताण तुरीला गेला," मी सांगून टाकलं.

डॉक्टर पोट धरून हसले. मग म्हणाले, जाड माणसाचं शरीर हे संप्रेरक जास्त बनवतं आणि तितक्याच भराभर बाहेरही टाकतं. लघवीत जास्त दिसलं म्हणजे गाठच आहे असं नाही. मला रात्री एक गोळी आणि सकाळी रक्त द्यायला सांगितलं; गोळीने संप्रेरक दबलं तर गाठ नाही. यांना पुन्हा कॅन.

निकाल येईपर्यंत हे थट्टाच करत होते. "मुंबईला गेलीस तर समुद्र बघून ये." माझा संताप व्हायचा. याला मेल्याला काही वाटतं की नाही?

माझं रक्त चांगलं निघालं. गाठ नव्हती. यांचा आकडा मात्र माझ्याहून जास्त. यांना धोका काही नाही, आणि पुरुषाचा आणि बाईचा आकडा शेजारी ठेवून बघू नका, असं डॉक्टरांनी बजावलं, पण मी कसली ऐकते! बाहेर रसवंतीवर बसल्याबरोबर म्हटलं, "काय हो, ताण तर तुम्हालाच जास्त!"

हे हसले नाहीत. म्हणाले, "तुला काही झालं असतं तर पोरीची वेणी कोणी घातली असती? ऑफिसात सुतळीचे तीन पेड घेऊन रोज शिकत होतो. जमतच नाही मला."

मला तिथेच रडू फुटलं, आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!