चर्चच्या शेगडीवरचे बटाटे

ओल्डरशॉ गावाच्या पोटात कोळसा होता आणि गावातल्या गरिबांच्या चुलीत राख. वर हिरवी कुरणं, मेंढरं, चर्चचा टोकदार मनोरा. खाली काळोखात माणसं गुडघ्यांवर रांगत कोळसा फोडायची. पाद्री स्ट्रडविक यांना देवाची सृष्टी फार आवडे, पण त्यांची सृष्टी गवताच्या मुळाशी संपायची.

केटुरा पिकर्सगिल खाणीच्या तोंडाशी असलेल्या चाळीत जन्मली. लहानपणी ती वर आलेल्या कोळशातून दगड वेचायची. त्याने हात राठ झाले, आणि मुकादमाला उत्तरं देऊन देऊन जीभ. पुढे सायलसशी लग्न झालं. तो खाणीत होता तोवर खाणीची गाडी दारात कोळसा ओतून जायची. मग एका सकाळी खाणीचं छत सायलसवर कोसळलं आणि गाडी यायची थांबली. कंपनीचा न्याय सरळ होता. जो खणतो त्याला कोळसा. मेलेला माणूस काही खणत नाही.

घरात राहिली केटुरा आणि सायलसचा म्हातारा बाप एनॉक. आयुष्यभर खाणीची धूळ ओढून त्याची छाती भात्यासारखी वाजायची.

"बाबा, तुमच्या छातीत आठवडाभराचा विस्तव आहे," केटुरा म्हणायची, "पण काढायचा कुठून?"

"मी मेलो की फोडून घे पोरी," म्हातारा म्हणायचा.

डॉक्टर सांगून गेला होता, ऊब मिळाली तर म्हातारा वसंत पाहील, नाही तर नाही. आणि ऊब मिळायची एकच जागा होती, ती म्हणजे गरिबांचा कोळसा.

चर्चच्या भिंतीवर त्याची लाकडी पाटी होती. कुणा जुन्या जमीनदाराने मरताना एका शेताचं उत्पन्न ठेवलं होतं, की जगाच्या अंतापर्यंत दर हिवाळ्यात इथल्या गरिबांना कोळसा मिळावा. नाताळाआधी संत थॉमसच्या दिवशी विधवा आणि म्हाताऱ्या चर्चच्या दाराशी जमायच्या. एकेकीने गुडघा वाकवून पाद्रीसाहेबांना नमस्कार करायचा, नम्रतेवरचे चार शब्द ऐकायचे आणि पोतं उचलायचं. कोळसा मेलेल्या जमीनदाराचा. पाद्रीसाहेबांचे फक्त शब्द, आणि त्यांचीच ऐट जास्त.

त्या वर्षी चर्चने मोठी लोखंडी शेगडी आणवली. ती बसवली बड्या मंडळींच्या बाकांशेजारी, कारण थंडी बड्यांनाच जास्त वाजते हे सर्वांना मान्य होतं. शेगडी बकासुरासारखा कोळसा खाऊ लागली. मग चर्चची पंचमंडळी बसली, भाजलेलं हंस पक्ष्याचं मांस हाणलं आणि तोड काढली.

संत थॉमसच्या दिवशी बायका नेहमीसारख्या वाकल्या. वर पाहतात तो पोती नाहीत. त्यांच्या जागी, पाद्रीसाहेबांशेजारी, पंचांचा म्होरक्या गार्बट खाटीक उभा.

"यंदा कोळसा शेगडीला जाणार," तो म्हणाला. "चर्च सगळ्यांचंच आहे."

पाद्रीसाहेब हसले. "ज्यांच्या घरी विस्तव नाही, त्यांनी देवाच्या घरी यावं."

केटुरा तेवढी वाकली नव्हती. तिने विचारलं, "कधीही यायचं, साहेब?"

"कधीही, बाई."

"आणि शेगडी आमचीच समजायची?"

"तुमचीच!" पाद्रीसाहेब उदार झाले. गरीब माणूस आपलं बोलणं खरं धरील, असं त्यांच्या मनातही आलं नाही.

रविवारी केटुराने एनॉकला गोधडीत गुंडाळून हातगाडीवरून आणलं आणि शेगडीलगतच्या, मखमली उशीच्या बाकावर बसवलं. मागून शेजारीण डॉर्कस आली, कडेवर पोर, खांद्यावर ओली लंगोटी. मग बाकीच्या. शेगडीवर किटली चढली, राखेत बटाटे गेले, पितळी कठड्यावर धुणं पडलं. एनॉकने बूट काढले. पुढच्या रांगेतल्या बायांचे रुमाल नाकाला गेले.

गार्बट लाल होऊन आला. "केटुरा, ही काय धर्मशाळा आहे?"

"छे हो. धर्मशाळेत कोळसा मालकाचा असतो. इथला आमचा आहे."

"उचल ते बटाटे!"

"अर्धे कच्चे आहेत अजून. प्रवचन जरा लांबू द्या, होतील."

प्रार्थनेच्या शांततेत एनॉकचा घोगरा आवाज घुमला, "पोरी, मीठ आणलंस का गं?"

प्रार्थना संपली, बडे लोक गेले, बायका बसूनच राहिल्या. सोमवारीही आल्या, मंगळवारीही. दाराला कुलूप घालावं, तर पाद्रीसाहेबांनी गावासमोर शब्द दिलेला. आणि त्याच आठवड्यात गार्बटच्या मुलीचं लग्न, यॉर्कहून येणारं वऱ्हाड. पांढऱ्या जाळीची ओढणी घेतलेली नवरी वाळत्या लंगोट्यांमधून चालते आहे, हे दृश्य खाटकाच्या डोळ्यांपुढून हलेना.

लग्नाच्या आदल्या दुपारी त्याची गाडी चाळीत आली. दारोदार पोती उतरली. केटुराने आपलं पोतं जमिनीवर पालथं केलं आणि जन्माच्या सवयीने बोटं फिरवली.

"हे दगड परत न्या," ती म्हणाली, आणि एकेक गाडीत फेकू लागली. "लग्नात वाटा."

"उद्या तरी येऊ नकोस, बाई," गार्बट पुटपुटला. बाई हा शब्द त्याच्या तोंडून तिने पहिल्यांदा ऐकला.

"शिवणार कोण तुमच्या शेगडीला? आमची घरी पेटली."

पुढच्या रविवारी पाद्रीसाहेबांनी पंचांच्या दातृत्वावर प्रवचन दिलं. काही दिवसांनी त्या जुन्या पाटीखाली गार्बटचं नावही सोनेरी रंगात लागलं. केटुरा ते वाचायला गेली नाही. तिला वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी ती गेली नसती.

एप्रिलात कुरणावर पिवळी फुलं आली. एनॉक भिंतीला धरून उंबऱ्यापर्यंत आला आणि उन्हात बसला. केटुराने त्याच्या हातात भाजलेला बटाटा ठेवला. त्याने तो सावकाश चघळला.

"चर्चातले जास्त खमंग होते," तो म्हणाला.

"असणारच बाबा. पाद्री जळत होता ना आत."