बंद टीव्हीतली लंगडी घोडी

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगते. आमच्या माहेरी कुणी साधी दृष्टसुद्धा काढत नाही. तरी हे लिहितेय, कारण जे झालं ते माझ्यासमोर झालं...

२००४ चा उन्हाळा. अमेरिकेत, पार्सिपनीत दुसऱ्या मजल्यावरचं आमचं अपार्टमेंट. नवरा ऑफिसला, मी डिपेंडंट व्हिसावर, नोकरीची परवानगी नाही म्हणून घरी. त्याच वर्षी फेब्रुवारीत अकोल्याला आई वारली होती. व्हिसाचे कागद अडकले होते, मी जाऊ शकले नाही. फोनवर सगळं ऐकलं, फोन ठेवला आणि कुकर लावला. रडू आलंच नाही. जूनमध्ये बाबांना इकडे आणलं.

बाबा पोस्टातून रिटायर झालेले. इंग्रजी पत्ते वाचण्यापुरतं. जेवण झालं की सोफ्यावर बसायचे. समोर टीव्ही – बंद. "लावू का?" विचारलं तर म्हणायचे, "असू दे."

एक दिवस म्हणाले, "घोडी लंगडतेय गं."

"कुठली घोडी, बाबा?"

"ही काय, समोर. टोपीवाल्यांची. मागचा डोंगर कापडाचा आहे, मधूनच हलतो."

मग रोज तीनच्या सुमारास अर्धा तास, काय काय दिसतंय ते बाबा सांगायचे. नवरा म्हणाला, डॉक्टरला दाखवू. मी भाजी निवडत ऐकायचे. भीती वाटली नाही... तेव्हा काहीच वाटत नव्हतं.

शेजारच्या फ्लॅटमध्ये डोरोथी राहायची. ऐंशीच्या घरातली, एकटी. एकदा तीनच्या सुमारास आमच्याकडे कॉफी पिताना मी तिला हे सहज सांगितलं. तिनं कप खाली ठेवला. "घोडीचं नाव काय, विचार."

मी विचारलं. बाबा म्हणाले, "पेनी म्हणून हाक मारतात."

डोरोथीनं खुर्ची टीव्हीकडे वळवली. मग तिनं सांगितलं – टीव्ही नुकताच निघाला होता त्या काळात तिचा नवरा एका छोट्या टीव्ही स्टेशनच्या वेस्टर्न, म्हणजे काउबॉयच्या मालिकेत शेरिफच्या, गावच्या पोलिसप्रमुखाच्या मदतनिसाचं काम करायचा. सगळं स्टुडिओतून लाइव्ह, रेकॉर्डिंग कधी झालंच नाही. एका वर्षात मालिका बंद पडली. (नंतर मी नेटवर शोधलं. नावसुद्धा सापडलं नाही.)

"शेवटचा भाग मी पाहिला नाही," ती म्हणाली. "हॉस्पिटलमध्ये होते. सकाळी आमचं बाळ गेलं आणि संध्याकाळी हा कामावर गेला. रात्री येऊन म्हणाला, शो छान झाला. तो मरेपर्यंत मी त्याला माफ केलं नाही."

मी बाबांना मराठीत सांगितलं. ते काळ्या स्क्रीनकडे बघत राहिले.

"मदतनीस दारात उभा आहे. त्याला बोलायचंय, पण नुसते ओठ हलतायत. सगळे थांबलेत. मग शेरिफच त्याची वाक्यं बोलतो... आणि खांद्याला धरून त्याला आत नेतो."

मी ते इंग्रजीत सांगितलं. डोरोथी "ओके" म्हणाली. थोड्या वेळानं परत "ओके". जाताना तिनं बाबांचा हात दोन्ही हातांत धरला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजले तरी बाबा काही बोलले नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले, "संपलं ते."

ऑक्टोबरमध्ये ते परत निघाले. एअरपोर्टवर मी शेवटचं विचारलं, "बाबा, ते सगळं कुठे पाहिलं होतंत?"

"कुठे म्हणजे? समोर दिसायचं, सांगायचो." मग म्हणाले, "ती बाई रडली का गं नंतर?"

"माहीत नाही."

"आणि तू? आई गेल्यावर?"

मी बोर्डिंग पास त्यांच्या हातात दिला. लाइन पुढे सरकली.

आता बाबा नाहीत, डोरोथीही नाही. अकोल्याच्या पोस्टमनला ती मालिका कुठून दिसली, आणि आमच्याच घरात का, हे मला आजही सांगता येत नाही.