काचेआडच्या कॅसेटी

खरवईतल्या एका नव्या टॉवरमध्ये जुन्या व्हिडिओ गेम्सचं प्रदर्शन भरलं, आणि मला खास बोलावणं आलं. मीही जुन्या कॅसेटी गोळा करतो आणि त्यांतले गेम कॉम्प्युटरवर उतरवून ठेवतो. कॅसेट आज ना उद्या मरणारच. गेम तरी उरावा. ताईलाही म्हटलं, चल. उल्हासनगर कॅम्प एकच्या आमच्या चाळीत गेममध्ये तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हेंद्रेपाड्याहून ती चांगली साडी नेसून आली.

क्लबहाउसमध्ये काचेची कपाटं आणि त्यांत प्लॅस्टिकने सीलबंद खोकी. प्रदर्शन भरवणारे गृहस्थ पांढरे हातमोजे घालून फिरत होते, जणू आत्ता कुणाचं ऑपरेशन करणार आहेत.

"यातलं काही खेळलात कधी?" मी विचारलं.

"उघडलं की संपलं ना, सर! व्हॅल्यूच जाते."

"मग आतली कॅसेट चालते की गंजलीय, हे कसं कळणार?"

"सील ओरिजिनल आहे," ते म्हणाले.

तरी मी माझ्याकडच्या, उल्हासनगर कॅम्पातच सुटे भाग जोडून बनवलेल्या कॅसेटींबद्दल सांगितलं. त्यांनी नाक मुरडलं. "ते डुप्लिकेट हो. कचरा. तो काय जपायचा?"

कोपऱ्यातल्या टीव्हीवर एक गेम चालू होता, समोर खेळायचा वायरवाला रिमोट. ताई लगेच खुर्ची ओढून बसली. बटणं दाबली, पुन्हा दाबली. पडद्यावरचा माणूस आपल्याच तंद्रीत उड्या मारत होता.

"हा माझं ऐकतच नाहीये रे."

मी वाकून पाहिलं. रिमोटची वायर कशालाच जोडलेली नव्हती. टीव्हीवर कुणीतरी खेळलेल्या गेमचा व्हिडिओ लावला होता.

"डिस्प्लेसाठी आहे, मॅडम," गृहस्थ म्हणाले. "लोकांना फील येतो."

ताईने रिमोट खाली ठेवला. "त्यापेक्षा शोकेसमधला प्लॅस्टिकचा आंबा बरा. निदान तो खायला कुणी आपल्याला बसवत तरी नाही."

तिथला चहाही न घेता आम्ही निघालो आणि अंबरनाथला माझ्या घरी आलो. मी कॅम्पातली एक कॅसेट काढली. लेबल फाटलेलं, स्क्रू गायब. लावण्याआधीच तिला सांगून टाकलं, "पूल ओलांडला की पडद्यावर नुसते रंगीत चौकोन येतात. चिप बिघडलीय. किती दिवस दुरुस्त करतोय."

ताई सराईतपणे पुलापर्यंत गेली. चौकोन आले. ती हसायलाच लागली.

"बिघडलीय कुठे? शेजारच्या काकूंकडे हीच कॅसेट होती. नवी कोरी असतानाही असंच व्हायचं. आम्हाला वाटायचं, जिंकलो!"

जे दुरुस्त करायला निघालो होतो, तोच तर या गेमचा शेवट होता. चौकोनांसकट तो तसाच जपून ठेवायचं ठरवलं. खरवईच्या गृहस्थांना मात्र कळवलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं असतं, "खोकं आहे का?"