माझ्या दाराला अडकवलेली पाटी

“इट इज इन हिज ब्लड, मॅडम,” संपतराव म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. बोटाला केकचं क्रीम लागलेलं.

संपतराव, सुहास आणि मी, एकाच कंपनीतले आम्ही तिघं, हिल्डेबाईंच्या स्वयंपाकघरात कॉफीला बसलो होतो. हिल्डेबाई आमच्या घरमालकीण. पंचाहत्तरीच्या पुढच्या. त्यांनी मला साधा प्रश्न विचारला होता, जिना इतका स्वच्छ झाडायला कुठं शिकलास? मी तोंड उघडायच्या आत संपतरावांनी उत्तर दिलं. म्हणे, याच्या रक्तातच आहे.

सुहास हसला. कॉफी नाकात जाईपर्यंत हसला.

आणि मी हसलो. सगळ्यांत मोठ्यांदा मी हसलो. ते हसणं आठवलं की आजही तोंडात आंबट पाणी येतं.

हिल्डेबाई हसल्या नाहीत. त्यांना वाटलं, आपल्याला इंग्रजी नीट समजलं नाही. त्यांनी मला विचारलं, “म्हणजे काय?”

मी म्हणालो, “काही नाही. जोक.”

हे सगळं जर्मनीतल्या एका खेड्यात घडलं. आमच्या चाकणच्या कंपनीनं तिथल्या एका बंद पडणाऱ्या कारखान्यातली मशीनची लाइन विकत घेतली होती. ती चालवायला शिकायची, मग खोलून चाकणला आणायची, यासाठी आम्हा तिघांना पाठवलं. संपतराव आमचे साहेब. मोशीचे, जुन्या जमीनदार घरातले. सुहास क्वालिटीतला, पुण्याचा, हळू आवाजात बोलणारा. मी मेंटेनन्सचा, काळेवाडीचा. आम्ही बौद्ध. हे मला तिथं कुणी विचारलं नव्हतं. आडनावावरून ते कंपनीत पहिल्या दिवशीच कळलेलं असतं.

गाव एवढंसं. एक बेकरी, एक चर्च, कडेला गोठे. रविवारी दुकान बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आमच्या कुकरची शिट्टी झाली की समोरच्या घराचा पडदा हलायचा. सकाळी शेणखताचा वास यायचा. संपतराव खिडकी उघडून छाती भरून घ्यायचे. “आमच्या मोशीचा वास हाय ह्यो. बिल्डिंगा व्हायच्या आधीचा.”

त्या भागात एक पद्धत आहे. इमारतीचा जिना आणि समोरची वाट प्रत्येक बिऱ्हाडानं आळीपाळीनं एकेक आठवडा झाडायची. ज्याची पाळी, त्याच्या दाराला एक लाकडी पाटी अडकवतात. पाटीवर झाडूचं चित्र. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहायचे. त्यांच्या आठवड्यात ते स्वतः झाडायचे, गळ्यात मफलर घालून, शीळ वाजवत. हिल्डेबाईही झाडायच्या. तिथं कुणाला त्यात काही वाटत नव्हतं.

वाटायचं ते आम्हाला. आम्ही ते चाकणहून बॅगेत भरून नेलं होतं.

पाटी पहिल्यांदा आम्हा तिघांच्या बिऱ्हाडाच्या दारावर आली तेव्हा संपतरावांनी ती काढली, आत आणली आणि माझ्या खोलीच्या दाराच्या मुठीला अडकवली. “तुझ्या हाताला सवय आसंल, भावा.” मी झाडलं. पुढच्या पाळीला पाटी पुन्हा माझ्याच मुठीला. तिसऱ्या वेळी ते काही बोललेसुद्धा नाहीत.

मी का झाडलं? आता सरळ सांगतो. चाकणला ती लाइन उभी राहिली की तिचा इनचार्ज कोण, हे संपतरावांच्या रिपोर्टवर ठरणार होतं. मला ती जागा हवी होती. म्हणून मी ओली पानं गोळा केली, कुणाच्या तरी कुत्र्याची घाण उचलली, जिन्याच्या कोपऱ्यातले केस बोटांनी काढले. आणि हे करताना मनाशी म्हणायचो, परदेशात काय जातबीत.

त्या कॉफीनंतरही पाटी माझ्या मुठीला लागली. त्या वेळीही मी झाडलं. हे लिहायला लाज वाटते, पण झाडलं.

वाट झाडत असतानाच आईचा व्हिडिओ कॉल आला. मी झाडू भिंतीला टेकवला, पण तिला तो दिसला. तिला झाडू दिसणारच. पिंपरीतल्या एका कारखान्यात ती वर्षानुवर्षं ठेकेदाराकडं झाडायला होती. लोखंडाचा चुरा, तेलात भिजलेला भुसा. घरी आली की बाप चिमटा घेऊन बसायचा आणि तिच्या तळहातातून लोखंडाची कुसळं काढायचा. संपतरावांना मी कधी हे सांगितलं नव्हतं. कंपनीत कुणी विचारलं तर म्हणायचो, आई घरीच असते.

“कुणाची वाट झाडतोस रे?” आई म्हणाली.

“इथं पद्धत आहे. सगळ्यांची पाळी असते.”

“मागं फोन केला तवाबी तूच झाडत होतास.”

मी झाडू पायानं मागं सरकवला.

“ते दोघं कुठायत?”

“झोपलेत.”

तिनं फोन तोंडाजवळ आणला. मग म्हणाली, “मी झाडलं ते पगाराला झाडलं. तू कशाला झाडतोस?”

उत्तर माझ्याकडं होतं. मीही पगारालाच झाडत होतो. फरक इतकाच की तिचा पगार उघड होता. मी माझा लाचारीनं, चोरून कमवायला निघालो होतो. फोन ठेवला आणि मला स्वतःचीच किळस आली. झाडूची नाही, त्या घाणीचीही नाही. माझी.

पुढच्या पाळीला मी मुठीवरची पाटी काढली आणि संपतरावांच्या दाराला लावली.

ते बनियनवर बाहेर आले. “ही चुकून हिकडं आली का?”

“चुकून नाही. पाळी तुमची आहे.”

“त्या जोकचं मनात धरलंस व्हय? मस्करी होती राव.”

“असेल मस्करी. मी हसलोही होतो. पाळी तुमचीच आहे.”

“जन्मात कधी झाडू हातात धरला न्हाई मी.”

“धरा.”

सुहास आतून हळूच म्हणाला, “कशाला वाढवतोस? तुझा रिपोर्ट जायचाय अजून.” त्याचा आवाज नेहमीसारखा मऊ. त्या मऊपणाची मला शिसारी आली.

आठवडाभर जिना तसाच राहिला. शनिवारी डॉक्टरांनी दार वाजवलं, जिन्याकडं बोट दाखवलं आणि नम्रपणे हसून गेले. मग संपतराव उठले. जिना झाडायचा कसा हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. गावाकडं गडी अंगण धुतात एवढंच त्यांनी पाहिलेलं. त्यांनी बादली भरली आणि वरून ओतली. मग दुसरी ओतली. जिना लाकडी. पाणी पायरीपायरीनं उतरलं आणि हिल्डेबाईंच्या दाराखालून आत गेलं.

हिल्डेबाई फडकी घेऊन बाहेर आल्या आणि गुडघ्यावर बसून पाणी टिपू लागल्या. संपतरावांनी फरशी पुसायचा दांडा माझ्यापुढं धरला. “घे रे. बघत काय बसलास? म्हातारी वाकलीय.”

हीच मेख होती. मी नाही म्हटलं तर एक म्हातारी बाई गुडघ्यावर राहणार. माझे हात आपोआप पुढं झाले. इतक्या वर्षांची सवय. दांड्यापर्यंत गेलेले हात मी मागं घेतले. खाली उतरलो, हिल्डेबाईंना दंडाला धरून उठवलं. त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि वर जाऊन संपतरावांच्या हातात ठेवलं.

“हा जिना यांनी भिजवला,” मी बाईंना मोडक्या इंग्रजीत सांगितलं. “पुसणार पण हेच. आणि मी त्या दिवशी खोटं बोललो. तो जोक नव्हता.”

हिल्डेबाई तिथून हलल्या नाहीत. त्यांच्या देखत संपतराव खाली बसले. वरच्या पायरीपासून पुसत खाली आले. मी शेवटच्या पायरीपर्यंत तिथंच उभा राहिलो.

लाइन चाकणला आली. इनचार्ज सुहास झाला. “टीममध्ये जुळवून घेत नाही असं लिहिलंय तुझ्याबद्दल,” असं त्यानंच मला कँटीनमध्ये सांगितलं. वर म्हणाला, “वाईट वाटलं राव.” मी ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेलो.

गेल्या महिन्यात ऑडिटच्या आधी मशीनशॉपमध्ये साफसफाई होती. सगळ्यांनी झाडू घ्यायचा, साहेबांनीही, फोटोपुरता. संपतराव झाडू वाटत होते. माझ्याजवळ आले. “घे भावा. तुझ्या तर ब्लडमधी हाय.”

आजूबाजूचे लोक तोंडं अर्धी उघडून माझ्याकडं बघत होते. मी हसलो की तेही हसणार होते. त्यांना माझ्याच परवानगीची गरज होती. इतकी वर्षं ती मीच देत आलो होतो.

मी हसलो नाही.

“माझी आई पिंपरीत झाडायची, साहेब,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. “पोटासाठी. रक्ताचा त्यात काही संबंध नाही. हा शब्द पुन्हा तोंडातून निघाला तर मी एचआरकडं जाणार नाही, सरळ पोलीस चौकीत जाईन.”

मी स्वतःच एक झाडू उचलला, माझ्या मशीनभोवतीची जागा झाडली आणि झाडू जागेवर ठेवला. संपतरावांनी पुढं केलेला त्यांच्याच हातात राहिला.

मला हलकं वाटलं नाही. जागा गेली ती गेलीच, आणि त्या कॉफीच्या टेबलावरचं माझं हसू कुणी पुसून टाकू शकत नाही. पण आता कुणी विचारलं की आई काय करायची, तर पहिल्या वाक्यात सांगतो. आणि माझ्यावर जोक करणाऱ्यानं माझ्या हसण्याची वाट बघू नये.