सरजाबाईनं विहीर पुजली

लातूर नवा जिल्हा झाला, तरी जळकोटकडच्या माणसांचे पाय दुखण्याखुपण्याला नांदेडकडंच वळत. केरबानंही बायकोला एसटीत घालून नांदेडलाच नेलं. सरजाबाईच्या अंगावरून जाणं काही केल्या थांबत नव्हतं. तोंड हळकुंडासारखं पिवळं पडलं होतं. दवाखान्यात तिची पिशवी काढली. बाई वाचली, केरबाला तेवढं पुष्कळ होतं.

घरी आल्यावर त्याची आई नागुबाई त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "पिशवी काढलेली बाई म्हंजी तडा गेलेलं मडकं. धक्का लागला की फुटलं. दूर ऱ्हा."

केरबानं त्याच दिवशी आपली बाज गोठ्यात टाकली. दुष्काळात बैल पाहुण्यांकडं धाडले होते, गोठा रिकामाच होता. बाळंतिणीला जपावं तसा तो सरजाबाईला जपू लागला. सवा महिना गेला, वर आणखी बरेच दिवस गेले, बाज गोठ्यातच राहिली. बाळंतपणाला शेवट असतो. बाई हळदीकुंकू घेऊन विहीर पुजते, कळशी भरून आणते आणि त्या दिवसापासून पुन्हा चुलीची, नवऱ्याची होते. इथं लेकरूच नव्हतं. मग शेवट झाला हे सांगायचं कुणी? सरजाबाई तर मुकीच होत चालली होती. वेणी घालीना, आरशाकडं बघीना. आत काही दुखत असेल, असं समजून तो आणखीच लांब राही.

पुन्हा तपासणीला गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी केरबाला बाहेर बसवलं. बऱ्याच वेळानं सरजाबाई आली. डोळे रडून लाल झाले होते, पण चाल बदलली होती. काय म्हणाल्या विचारलं, तर चांगलं आहे म्हणाल्या, एवढंच तिनं सांगितलं. एसटीत काहीतरी बोलायला तोंड उघडी आणि पुन्हा मिटी. मुखेडच्या स्टँडवर मात्र तिनं त्याला खण-नारळ घ्यायला लावला. कुणासाठी, ते काही सांगितलं नाही.

टँकर आला त्या दिवशी सगळा गाव विहिरीवर लोटला. कोरड्या विहिरीत टँकर रिकामा करायचा आणि ज्यानं त्यानं शेंदून न्यायचं, अशी तेव्हाची रीत. त्या गर्दीत सरजाबाई आली. हिरवं लुगडं, नीट बांधलेला अंबाडा, हातात खण-नारळाचं ताट. तिनं काठावर पाच खडे मांडले, त्यांना हळदीकुंकू वाहिलं. बायकांचे दोर जागच्या जागी थांबले.

नागुबाई म्हणाली, "खुळी झालीस का सरजे? लेकरू कुठाय तुझं?"

सरजाबाईनं मान वर केली नाही. "लेकरू न्हाई, आत्याबाई. नांदेडाहून म्याच नव्यानं जल्मून माघारी आले न्हाई का? माजाच सवा महिना फिटला." मग टँकरजवळ उभ्या केरबाकडं बघून ती म्हणाली, "मडकं फुटत न्हाई म्हनल्या डाक्टरीनबाई. पैल्यासारखं नांदा म्हनल्या."

म्हणजे आईचं मडक्याचं बोलणं तिनं ऐकलं होतं तर.

सीमेपलीकडून नांदायला आलेली लक्ष्मम्मा हसून म्हणाली, "केरबाभावजी, गोठ्यातली बाज उचला. बैल याय लागलेत."

सगळ्या हसल्या. केरबाला हसू आलं नाही. तलाठ्यासमोर डोईवरचा पदर न ढळू देणारी, जन्मात नवऱ्याचं नाव न घेतलेली ही बाई. जे सांगायला तिच्या तोंडी शब्द नव्हता, ते तिनं विहिरीकडून वदवून घेतलं होतं. भरल्या गोदावरीच्या काठावर उभं राहिल्यावर छाती दडपते, तसं त्याला झालं.

कळशी भरल्यावर तिनं ती त्याच्या हातात दिली. "जड उचलू नको म्हनल्यात. तेवढं तुमी धरा."

भर दुपारी, बापे बघत असताना, केरबा कळशी घेऊन बायकोच्या मागून चालला.

घरात आल्यावर ती भिंतीकडं बघत म्हणाली की तुम्ही गोठ्यात गेलात, मला वाटलं मी आता नकोशी झाले, रिकामी झाले. तो म्हणाला, मला भ्या वाटत होतं, तुला काही होईल म्हणून.

"भ्या मलाबी वाटतंय," ती म्हणाली. "घाई करू नका, दुखलं तर थांबा, असंबी सांगितलंय त्यांनी."

त्यानं मान डोलावली. मग तो गोठ्यात गेला आणि बाज ओढीत आणू लागला. बाज दाराच्या चौकटीत अडली. तोंड फुगवून ओसरीवर बसलेली नागुबाई काही वेळ बघत राहिली. मग उठली, पदर खोचला आणि तिनं बाजेची दुसरी बाजू धरली.